१२ हजारांत छर्ऱ्याची बंदूक : पोरीची नेमबाजी आणि गुऱ्हाळातले उंदीर, दोन्हीला एकच चालेल का?

गुऱ्हाळवाला | ४ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कोल्हापूरहून पन्हाळ्याकडं जाताना वाटेत आमचं गुऱ्हाळ आहे. आजोबांनी घातलेलं. हंगाम तोंडावर आलाय म्हणून घाईनं विचारतोय.

अडचण पहिली, उंदीर आणि घुशी. रस काढून उरलेल्या चिपाडाच्या गंजीत त्यांची पैदास होते आणि रात्री गुळाच्या खोलीत शिरतात. गेल्या हंगामात ३० किलोचे ११ रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, कुरतडल्या. बारदान फाडून आत तोंड घातलेला रवा मार्केट यार्डात कोण घेणार? सगळे जनावरांच्या आंबोणात गेले. चुलवणाच्या, म्हणजे रस आटवायच्या भट्टीच्या, मागची भिंत घुशींनी अशी पोखरलीय की पाय ठेवला तर माती आत जाते.

गोष्ट दुसरी, माझी मुलगी. वय १३. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ घेतलं तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. त्या दिवसापासून तिचं एकच चाललंय. अंगणात वेळूची काठी खांद्याला लावून, एक डोळा मिटून उभी राहते. पाच-पाच मिनिटं हलत नाही. मला वाटलं चार दिवसांचं खूळ असेल, पण अजून गेलेलं नाही.

म्हणून विचार आला की एकच एअर रायफल घ्यावी, दिवसा पोरीला आणि रात्री मला. बजेट १० ते १२ हजार. परवाना लागतो का? स्प्रिंगची घ्यावी की गॅसची? दुर्बीण लावावी का? माहीतगारांनी सांगावं.

रंकाळाकाठ | ४ सप्टेंबर, रात्री ९.५२

मांजर पाळा भावा. परवाना लागत नाही, वाटीभर दूध लागतं.

छर्रा_४५ | ४ सप्टेंबर, रात्री १०.१५

परवान्याचं आधी सांगतो, त्यावर गावोगाव गैरसमज आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिमी, म्हणजे ज्याला दुकानदार 'वन सेव्हन सेव्हन' म्हणतात तो, आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. यातलं काहीही एक वर गेलं की लागतो. म्हणजे ५.५ मिमीची, 'टू टू' म्हणून मिळते ती, कमी ताकदीची असली तरी परवान्यात येते. कुणी "साहेब, चालतंय की" म्हणून गळ्यात मारली तर घेऊ नका.

विकत घेणारा सज्ञान हवा. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेईल, त्याची नोंद ठेवेल. बिल तुमच्या नावावर करा, त्याची एक प्रत कायम बंदुकीच्या पिशवीत असू द्या. नेता-आणताना बंदूक रिकामी आणि पिशवीत. उघडी खांद्यावर टाकून मोटरसायकलवरनं गेलात तर लांबून बघणाऱ्याला ती छर्ऱ्याची आहे हे कसं कळणार?

भौतिकीचा_मास्तर | ४ सप्टेंबर, रात्री १०.४८

छर्रा_४५ यांनी ऊर्जेचा मुद्दा काढला म्हणून थोडं गणित. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचं अर्धं गुणिले वेगाचा वर्ग. नेहमीचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला २५० मीटर वेगानं सुटला तर ऊर्जा सुमारे १६.५ ज्यूल होते. तोच ३०० मीटरनं सुटला तर जवळजवळ २४ ज्यूल, म्हणजे परवाना लागणारच. वेग पाचवा हिस्सा वाढला, ऊर्जा दीडपटीच्या आसपास गेली.

खोक्यावर "१००० फूट प्रति सेकंद" असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा अगदी हलक्या छर्ऱ्यावर काढलेला असतो. त्या आकड्यावर भुलू नये. मॅचच्या रायफली १७०-१७५ मीटरवरच ठेवलेल्या असतात, म्हणजे जेमतेम साडेसात ज्यूल, आणि जगातली सर्वांत अचूक १० मीटरची नेमबाजी त्यांच्यावर चालते. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही.

दुधाळीची_नेमबाज | ५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

दादा, तुमच्या मुलीचं वाचलं आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी शाळेत असताना कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जायची. राज्यस्तरापर्यंत खेळले, पुढं शिक्षणात सुटलं. पण त्या रेंजचं ऋण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा असतो. खसखशीच्या दाण्याहून बारीक. पूर्ण लक्ष्य ४५.५ मिमी, म्हणजे तुमच्या मुलीच्या तळहातात मावेल एवढंच. मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे असतात, उभं राहून. रायफलचं वजन नियमानं साडेपाच किलोपर्यंत चालतं. म्हणजे नुसता नेम नव्हे, सव्वा तास शरीर स्थिर ठेवण्याचा हा खेळ आहे. ती वेळूची काठी घेऊन पाच मिनिटं न हलता उभी राहते ना? नेमबाजीचा अर्धा सराव तोच आहे. तिला हे नक्की सांगा.

दुर्बिणीचं विचारलंत. १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. मागं बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढं माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेच्या, जागी गोल कडी. शालेय स्पर्धांमध्ये 'ओपन साइट' आणि 'पीप साइट' असे वेगळे गट असतात. ओपन साइट म्हणजे आपली साधी माशी आणि खाच. सुरुवात तिथूनच करायची. दुर्बिणीची सवय लागली तर मुलांची मान आणि गाल दस्त्यावर टेकायची जागाच चुकते, आणि ती सवय मोडायला वर्ष जातं.

आता पैशाचं. स्पर्धेच्या परदेशी रायफली, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, यांच्या किमती लाखांत जातात. नव्या मुलीला त्याची अजिबात गरज नाही. १२ हजारांत जी येईल ती स्प्रिंगची, नळी मोडून भरायची असेल. एखाद्याला ती जमतेही. पण १३ वर्षांच्या मुलीला प्रत्येक छर्ऱ्याला नळी मोडायला दोन्ही हातांची ताकद लावावी लागते. विसाव्या छर्ऱ्याला हात थरथरतात, आणि थरथरत्या हातानं काय शिकणार? माझं म्हणणं ऐका. आधी रेंजवर न्या. क्लबच्या रायफलीवर तीन महिने मारू द्या. बंदूक घ्यायची तर नंतर.

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याच कोल्हापूरच्या. तेजस्विनीताई २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, राहीताईंनी २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलचं सुवर्ण घेतलं. ही मोठी नावं आहेत, पण सुरुवात सगळ्यांची अशीच होते. कुणीतरी हात धरून रेंजवर नेतं.

फौजी_गडहिंग्लज | ५ सप्टेंबर, सकाळी ११.३०

ताईंनी लई चांगलं लिहिलंय. मी स्प्रिंगच्या बंदुकीबद्दल सांगतो, कारण माझ्याकडं एक भारतीय बनावटीची बरीच वर्षं आहे.

स्प्रिंगची बंदूक दोनदा धक्का देती. घोडा ओढला की जड पिस्टन पुढं धावतो, तेव्हा बंदूक मागं येती. पिस्टन टोकाला हवेच्या उशीवर आदळला की बंदूक पुढं जाती. हे सगळं छर्रा नळीतनं बाहेर पडायच्या आत. म्हणून ती घट्ट आवळून धरली तर नेम कधीच एका जागी बसत नाही. डावा तळवा उघडा ठेवायचा, त्यावर दस्ता नुसता टेकवायचा, खांद्याला हलकंच लावायचं. बंदुकीला तिच्या मनासारखं हलू द्यायचं, फक्त दरवेळी सारखंच. मला हे कळायला दोन डबे छर्रे गेले. साधी दुर्बीण या दुहेरी धक्क्यानं आतनं निखळती. लावायचीच तर स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनवलेलीच लावा.

गॅसची म्हणजे स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या वायूची नळी. थरथर कमी आणि स्प्रिंगसारखी ढिली पडत नाही, पण नळी मोडायला तेवढाच जोर. पीसीपी म्हणजे टाकीत २०० बारच्या आसपास दाबानं हवा भरून ठेवायची. धक्का जवळजवळ नाही, पण बंदुकीवर पंप किंवा सिलिंडरचा खर्च वेगळा. १२ हजारांत तो विषय सोडा.

दोन सूचना. छर्रा न घालता स्प्रिंगची बंदूक कधी उडवू नका, पिस्टन थेट आदळतो. आणि नळीत तेल ओतू नका. तेलाची वाफ दाबानं पेटती, मोठा आवाज होतो, धूर येतो, आणि पोरं म्हणत्यात "बंदुकीची पॉवर वाढली"! त्याच्या नादाला लागू नका, आतलं सील जळतं.

बांधावरची_अनुजा | ५ सप्टेंबर, दुपारी १.०५

"बंदुकीला तिच्या मनासारखं हलू द्यायचं" हे वाक्य आमच्या सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "भाकरी थापताना पण हेच."

कोंबडीवाला_कागल | ५ सप्टेंबर, दुपारी ३.२०

मी जरा उलट बोलणार. सगळे नेमबाजीवर गेले, उंदरांचं कोणी बोलेना.

माझा पोल्ट्रीचा शेड आहे. खाद्याच्या खोलीत उंदीर येतात आणि मी छर्ऱ्याच्या बंदुकीनं मारतो. काम होतं. पण कसं मारतो ते ऐका. शेडमध्ये फिरत-फिरत नाही. भिंतीलगत एक जागा ठरवली आहे. मागं मातीनं भरलेली पोती, दोन थर. पुढं दहा मीटरवर माझी बसायची जागा. मधल्या पट्ट्यात कुणी यायचं नाही, घरच्यांना पक्कं माहीत. पोत्यासमोर चिमूटभर खाद्य ठेवतो, लाल बल्ब लावतो, कारण लाल उजेडाला उंदीर फारसा बुजत नाही. उंदीर थांबला, डोकं स्थिर झालं तरच घोडा ओढायचा, नाहीतर तसाच बसून राहायचं. एका रात्रीत तीन, कधी चार. काही रात्री एकही नाही.

छर्रा घुमटाकार डोक्याचा वापरतो. सपाट डोक्याचा कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतो म्हणून स्पर्धेला चांगला, पण लांबवर लवकर मंदावतो. आणि चष्मा घालतो. पोत्याच्या शिवणीवरनं उलटून आलेला छर्रा एकदा कपाळाला लागलाय. दोन बोटं खाली असता तर डोळा गेला असता.

गुऱ्हाळवाला | ५ सप्टेंबर, रात्री ८.५०

कोंबडीवाला, तुमची पद्धत आवडली. अशी जागा मला गुळाच्या खोलीत करता येईल का? खोली १२ बाय २०, वर पत्रा, एका बाजूला गरम गूळ ओतायचा वाफा, तिकडूनच मजूर ये-जा करतात. रात्री चुलवण पेटतं असेल तर जाळ घालणारा जळव्या आणि गूळ करणारा गुळव्या दोघं तिथंच असतात.

कोंबडीवाला_कागल | ५ सप्टेंबर, रात्री ९.०५

नाही. माणसं असतील तिथं नाही. हंगामात तर अजिबातच नाही.

पशुवैद्य_भुदरगड | ५ सप्टेंबर, रात्री १०.३०

मी जनावरांचा डॉक्टर. दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत.

गेल्या वर्षी एका शेतकऱ्यानं कुत्रा आणला. मागचा पाय ओढत चालत होता. कातडीवर मसुराएवढी खपली, बस. घरच्यांना वाटलं काटा लागला असेल. एक्स-रे काढला तर मांडीच्या हाडाला चिकटून पांढरा शुभ्र ठिपका, पुढून चपटा झालेला छर्रा. शेजारच्या पोरानं "हाकलायला" मारला होता. काढायला पाऊण तास लागला. कुत्रा वाचला, लंगडणं राहिलं. मालकानं एक्स-रे बघून मान खाली घातली, काही बोललाच नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीनं काही होत नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला तो एक्स-रे दाखवावासा वाटतो.

दुसरी गोष्ट, छर्रे शिशाचे असतात. हाताळले की हात धुवायचे, मुलांना तर पहिल्या दिवसापासून ती सवय. गुळाच्या खोलीत छर्रे उडवणं माझ्या मते मुळातच चूक आहे. भिंतीवर आपटून फुटलेला शिशाचा तुकडा वाफ्यात पडला तर कुणाला दिसणार? कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, लोक विश्वासानं बाळंतिणीला देतात. तिथं शिसं नको.

पेठेतला_पोरगा | ६ सप्टेंबर, सकाळी ९.१५

धाग्यात घुसतोय, माफ करा. आमच्या मामांची केळीची बाग आहे, माकडांनी उच्छाद मांडलाय. नुसतं घाबरवायला एक-दोन छर्रे मारले तर चालतं ना?

छर्रा_४५ | ६ सप्टेंबर, सकाळी ९.४०

नाही चालत. माकड, वानर, मोर, पोपट, शेकरू, सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. "घाबरवायला मारलं" हा बचाव नाही. पूर्वी कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती, त्यात उंदीर, कावळे, वटवाघळं होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. आता केंद्र सरकारनं अधिसूचना काढून एखादा संरक्षित प्राणी उपद्रवी ठरवला तरच, तेही ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी. बागेचं नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. पंचनामा लवकर करून घ्या, फोटो काढून ठेवा.

सोनतळी | ६ सप्टेंबर, सकाळी १०.२०

कोल्हापूरला शिकारीचं वेड जुनंच. संस्थानच्या काळात इथं चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची. आमच्या आज्जीचे वडील चित्त्यांच्या गाडीमागं चालत जायचे असं घरी सांगतात. आता चित्तेही नाहीत आणि ती माळरानंही नाहीत. दाजीपूरला गवे आहेत, ते बघायचे, एवढंच आपल्या हातात. बंदुकीचा विषय निघाला की मला ते आठवतं. पोरांना बंदूक देताना कागदावरच्या ठिपक्याची द्यावी, हे माझं मत.

पेठेतला_पोरगा | ६ सप्टेंबर, सकाळी १०.५५

मामांना फोन केला. छर्ऱ्याचा विचार रद्द. अर्जाचं बघतो. आभारी आहे.

हुपरीचा_संजू | ६ सप्टेंबर, दुपारी ४.००

स्वस्तात मिळते म्हणून जुनी घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव. चार वर्षांपूर्वी एकाकडनं जुनी स्प्रिंगची बंदूक साडेतीन हजारांत घेतली. दिसायला झकास, नळीवर जर्मन अक्षरं. घरी आणली, अंगणात नळी मोडली, छर्रा घालायला डाव्या हाताची तर्जनी पुढं केली आणि आतला खटका सुटला. मोडलेली नळी फटकन वर आली. नशीब की बोटाचं टोकच सापडलं. नख काळं पडून पंधरा दिवसांनी गळालं, हिवाळ्यात अजून ठणकतं. मिस्त्रीनं उघडून दाखवलं तर खटक्याचा दात झिजून गुळगुळीत झालेला, आणि कुणीतरी घोडा हलका करायच्या नादात कानस पण मारलेली.

तेव्हापासून नियम केलाय. नळी मोडली की एका हातानं ती घट्ट धरूनच ठेवायची, छर्रा दुसऱ्या हातानं घालायचा, नळी बंद होईपर्यंत पकड सोडायची नाही. नवीन बंदूक असली तरीही. जुनी घ्यायचीच तर ओळखीच्या जाणकाराला घेऊन जा. रिकाम्या नळीत बोट न घालता आठ-दहा वेळा मोडून बघा, खटका घट्ट बसतो का.

फौजी_गडहिंग्लज | ६ सप्टेंबर, सायंकाळी ६.१०

संजूनं लिहिलंय ते प्रत्येकानं दोनदा वाचा. आणि घोड्याला कानस लावणाऱ्या मिस्त्रीच्या दारात जाऊ नका.

शेतीशाळा | ६ सप्टेंबर, रात्री ९.२०

गुऱ्हाळवाले दादा, तुम्ही बंदूक हा उपाय धरून त्यावर प्रश्न विचारलात. मी उंदरांच्या बाजूनं सांगते. उसाच्या पट्ट्यात काम करते, दर वर्षी हेच बघते.

बंदुकीनं रात्रीला तीन-चार उंदीर मरतात असं कोंबडीवाले दादा म्हणाले. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं. तुमची चिपाडाची गंजी तशीच राहिली तर मारून संपणार नाहीत. आधी त्यांचं घर मोडा. गंजी गुळाच्या खोलीपासून लांब न्या, जमिनीपासून थोडी उचलून रचा. रवे भिंतीला टेकवून ठेवू नका, हातभर जागा सोडून फळ्यांवर ठेवा. खोलीचं प्रत्येक भोक बुजवा. अर्ध्या इंचाच्या फटीतनं उंदीर आत येतो. नुसत्या मातीनं नाही, काचेचे तुकडे घालून सिमेंटनं. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका.

मग चाप. उंदीर खोलीच्या मधून पळत नाही, भिंतीच्या कडेनं पळतो, मिशा भिंतीला घासत. म्हणून चाप भिंतीला काटकोनात, खाण्याची बाजू भिंतीकडे. पहिले तीन-चार दिवस चाप न ताणता नुसतं खायला ठेवा, सुकटीचा तुकडा किंवा खोबरं. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. खायची सवय लागली की एका रात्री सगळे चाप एकदम ताणा. दोन नाही, वीस लावा. पहिल्याच रात्रीचा आकडा बघा.

विष गुळाच्या आसपास नको. झिंक फॉस्फाइड वापरायचंच तर बाहेर बांधावर, बिळांत, हातमोजे घालून, आणि मुलं-जनावरं जाणार नाहीत अशा जागी. त्याला उतारा नाही. आधी दोन दिवस नुसतं तेल लावलेलं धान्य ठेवायचं, तिसऱ्या दिवशी विषाचं.

उसात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे रोवा. गव्हाणी घुबडाची जोडी पिल्लं वाढवत असेल तर रात्रभर उंदीर आणते. आणि धामण दिसली तर मारू देऊ नका, एवढं मजुरांना सांगा.

कोंबडीवाला_कागल | ६ सप्टेंबर, रात्री ९.५८

ताईंचं बरोबर आहे. मी पण आधी भोकं बुजवली, नंतरच उरलेल्यांसाठी बंदूक. ते लिहायचं राहून गेलं. तरी एक म्हणतो, चापाला न येणारा एखादा थोराड उंदीर असतोच, त्याला छर्राच लागतो.

शेतीशाळा | ६ सप्टेंबर, रात्री १०.१०

त्याला पिंजरा लावा. नाहीतर चापाची जागा बदला.

कोंबडीवाला_कागल | ६ सप्टेंबर, रात्री १०.१४

बघतो. पटलं असं नाही म्हणत अजून.

रंकाळाकाठ | ७ सप्टेंबर, सकाळी ८.००

मांजराचा प्रस्ताव मी मागं घेतलेला नाही. बाकी दादा, यंदा गुळाचा भाव काय निघेल?

गुऱ्हाळवाला | ७ सप्टेंबर, रात्री ९.३०

भाव सौद्यातच कळंल, आत्ता बोलण्यात अर्थ नाही.

सगळ्यांचं दोनदा वाचलं. पशुवैद्य साहेबांची शिशाची गोष्ट घरी सांगितली तर आई म्हणाली, "बंदूक गुळाच्या खोलीत आणलीस तर मी खोलीत पाय ठेवणार नाही." विषय तिथंच संपला. उंदरांसाठी शेतीशाळा ताईंच्या पद्धतीनं जातो.

आता फक्त मुलीचं. ताई, रेंजवर न्यायचं तर तिला काय-काय लागतं? आमच्याकडनं जायला अर्धा-पाऊण तास.

दुधाळीची_नेमबाज | ८ सप्टेंबर, सकाळी ६.५०

पहिल्या दिवशी काही लागत नाही. पायात सपाट तळाचे बूट, टाचेचे नको. अंगात घट्ट नाही आणि फार ढगळही नाही असा शर्ट. केस मागं बांधलेले. जन्मदाखला आणि शाळेचं ओळखपत्र न्या, प्रवेशाला मागतात. वेळा आणि फी आधी जाऊन विचारा. दुधाळीला बघा, विभागीय क्रीडा संकुलातही बघा, जिथला प्रशिक्षक मुलीशी नीट बोलेल तिथं घाला.

एक विनंती. पहिल्या महिन्यात "किती पॉइंट पडले" हे विचारू नका. घरी आल्यावर विचारा, "आज श्वास कुठं थांबवलास?" घोडा ओढायच्या क्षणी श्वास अर्धा सोडून थांबवायचा असतो. ते जमलं की पॉइंट आपोआप येतात.

गुऱ्हाळवाला | २३ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मंडळी, दीड महिन्यानं लिहितोय. गुऱ्हाळ पेटलं, रस आटवायची आदणं सुरू झाली, वेळच मिळत नव्हता.

गंजी लांब नेली. खोलीची भोकं मोजून बुजवली, ३४ निघाली. मला वाटलं होतं सात-आठ असतील. वीस चाप आणले, चार दिवस नुसती सुकट ठेवली, पाचव्या रात्री ताणले. सकाळी बघतो तर २० पैकी १३ बसलेले. दुसऱ्या रात्री ५. तिसऱ्या रात्री १. तेव्हापासून एकही रवा कुरतडलेला नाही. घुशींची भिंत पाडून दगडात नवी बांधली. बांधावर चार थांबे रोवलेत, घुबड अजून दिसलं नाही, पण एका थांब्याखाली केसांचा आणि बारीक हाडांचा, घुबड ओकून टाकतं तसा, काळपट गोळा पडलेला सापडला.

मुलगी आठवड्यातनं तीन दिवस रेंजवर जाते. क्लबची जुनी रायफल देतात, ओपन साइटची. बंदूक घेतलेली नाही. १२ हजारांतनं पहिल्या तीन महिन्यांची फी भरली आणि छर्ऱ्यांचे डबे आणले, उरलेले बाजूला ठेवलेत. प्रशिक्षक म्हणतात, वर्षभर टिकली तर बघू.

परवा तिनं पहिला कागद घरी आणला. दहा छर्रे. आठ काळ्या गोलात, दोन बाहेर पांढऱ्यात. दहाच्या ठिपक्यात एकही नाही. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "बाबा, सहाव्या छर्ऱ्याला श्वास सोडायचा राहिला." तो कागद आईनं देवघराच्या भिंतीला लावलाय.

दुधाळीची_नेमबाज | २३ ऑक्टोबर, रात्री १०.२०

आठ काळ्यात! पहिल्याच कागदावर! दादा, तो कागद जपून ठेवा. मागं तारीख घातलीय ना?

गुऱ्हाळवाला | २३ ऑक्टोबर, रात्री १०.२६

आत्ता उतरवून घातली. तिच्याच हातानं.

रंकाळाकाठ | २४ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

अभिनंदन पोरीचं! आणि मांजराचं काय ठरलं?

गुऱ्हाळवाला | २४ ऑक्टोबर, दुपारी १.३०

आलंय की. चुलवणाच्या उबेला आपलं आपणच येऊन बसलंय. दूध आई घालते.